लाख वातींचा धबधबा

राघवेंद्ररावांचा घात केला तो त्यांच्याच तोंडून निघालेल्या एका 'हूं'नं.

दसऱ्यानंतरची रविवारची सकाळ होती. उस्मानाबादेतल्या आपल्या भाड्याच्या घराच्या ओसरीवर, खुर्चीत रेलून ते पेपर वाचत होते. पेपर कालचा होता (सोलापूरहून येणारा पेपर ताजा मिळावा अशी अपेक्षा त्या काळी कुणी ठेवत नसे), पण त्यांनी तो तोंडासमोर असा उभा धरला होता, की अलीकडं ते आणि पलीकडं संसार, अशी सरळ वाटणी व्हावी. संसाराच्या बाजूनं त्यांची बायको शारदा आली आणि काहीतरी बोलू लागली. बोलणं लांबलचक होतं. त्यात 'चौकट' आली, 'कसर' आली, आणखीही बरंच आलं असावं. शेवटी आवाज वर चढून थांबला, त्यावरून तो प्रश्न होता एवढं राघवेंद्ररावांच्या ध्यानात आलं. प्रश्न आला की 'हूं' म्हणायचं आणि पान उलटायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा शिरस्ता. ते 'हूं' म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ते कचेरीतून आले, खुर्चीत बसले, आणि सवयीनं मान वळवून त्यांनी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर मोर होता.

आता त्या जागी आधी काय होतं ते सांगायला हवं. तिथं राघवेंद्ररावांची सनद होती. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चालायचा, आणि तरुण राघवेंद्ररावांचं उर्दू अक्षर असं देखणं, की मोठे साहेब नुसतं बघायला म्हणून त्यांच्या हातची मिसल, म्हणजे कागदपत्रांची फाईल, मागवायचे. त्याच साहेबांनी त्यांना 'खुशखत'बद्दल, म्हणजे सुंदर हस्ताक्षराबद्दल, सनद दिली होती. जाड पिवळसर कागद, भोवती वेलबुट्टी, मधोमध काळीभोर वळणदार अक्षरं. पुढं ते राज्य गेलं. जिल्हा फिरत फिरत मुंबई राज्यात आला, कारभार मराठीत सुरू झाला, आणि राघवेंद्ररावांचं मराठी अक्षर काय लायकीचं आहे ते सरकारला कळलं. (त्यांनी लिहिलेली टिपणी वाचायला हेडक्लार्क तात्या त्यांनाच बोलावून घेत. कधीकधी ती त्यांनाही लागत नसे.) जगात आपण कशात तरी पहिले होतो, हे सांगणारा तेवढा एकच कागद त्यांच्यापाशी उरला होता. घरात त्यांच्याशिवाय तो कुणालाही वाचता येत नव्हता. पण त्यांची आई शांतम्मा दसऱ्याला न चुकता त्याला हळदकुंकू वाहायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या राघूची सनद."

त्या चौकटीत, त्याच काचेआड, आता मोर.

मोर बघण्यासारखा होता, हे राघवेंद्ररावांनाही नाकारता येईना आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. पिसारा फुटक्या हिरव्या-निळ्या बांगड्यांचा. मान जुन्या खणाच्या तुकड्याची. तुरा सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचा, पायाखालची जमीन कलिंगडाच्या बियांची. जे केर म्हणून उकिरड्यावर जायचं ते शारदानं वर्षभर डब्याडुब्यांत साठवलं होतं आणि मोरचूद घातलेल्या खळीनं एकेक तुकडा बसवला होता. राघवेंद्रराव जवळ गेले. मोराचा डोळा त्यांना ओळखीचा वाटला. त्यांनी आपल्या काळ्या कोटाकडं बघितलं. वरून दुसरी गुंडी जागेवर नव्हती.

'माझी सनद कुठं आहे?' हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता. पण विचारलं की शारदा म्हणणार, तुम्हाला विचारूनच काढली, तुम्ही 'हूं' म्हणालात. तेव्हा त्यांनी विचारलं नाही. ते रुसले. (रुसव्यात एक अडचण असते, तो समोरच्याच्या ध्यानात यावा लागतो. शारदाच्या आला नाही. तिला वाटलं, ह्यांचं पोट बिघडलंय, म्हणून तिनं ओव्याचा काढा दिला.)

मोराची कीर्ती गल्लीभर झाली. बायका हळदीकुंकवाचं निमित्त काढून बघायला येऊ लागल्या. दूध घालायला येणारी गजराबाई तर माप हातात धरून मोरापुढं उभी राहिली ती हलेचना.

"वैनीबाई, ह्यो आत्ता वरडंल बघा! लई झ्याक!" मग तिचं लक्ष खुर्चीकडं गेलं. "आन् सायब, तुमी काय केलाव ह्यात?"

"डोळ्याची गुंडी त्याची आहे," आतून शांतम्मानं सांगितलं.

हा घाव मात्र वर्मी बसला. सनदेचं कौतुक करणारी ही एकुलती एक व्यक्ती, सख्खी आई, तीसुद्धा मोराला जाऊन मिळाली! साध्या शब्दांत सांगायचं तर राघवेंद्रराव आपल्या बायकोवर जळू लागले. रस्त्यानं जाताना कुणी 'मोरवाल्या बाईंचे मालक' म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जेवताना त्यांचं तोंड भिंतीकडं असायचं, तर त्यांनी पाट फिरवून घेतला. मग मोर पाठीमागून बघतोय असं वाटू लागलं, म्हणून परत फिरवला.

दिवाळीत तात्या फराळाला आले. त्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

"हा तो मोर! वहिनी, तारीफ करावी तेवढी थोडी आहे. कचेरीत सगळे बोलायलेत. राघवेंद्रराव, तुमच्या अंगात आहे का हो असलं काही?"

"आहे तर!" राघवेंद्रराव म्हणाले. हे उत्तर त्यांनी दिलं नव्हतं, ते आपोआप आलं होतं.

"काय करता?"

"सध्या नळदुर्ग करायलोय." शांतम्माचं माहेर नळदुर्गचं, म्हणून तेच तोंडात आलं. "किल्ला. आणि पाणीमहालावरचे दोन्ही धबधबे. नर आणि मादी."

"असं! मग कधी बघायचा?"

"त्रिपुरी पौर्णिमेला. संध्याकाळी या. सगळ्यांना घेऊन या."

शारदा लाडू वाढता वाढता थांबली. "त्या दिवशी तर आपल्याकडं..." ती सांगू लागली. राघवेंद्रराव पुढं सरकवलेल्या करंजीकडं बघत 'हूं' म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागची सरपणाची खोली आतून कडी लावून घेतली, आणि कचेरीत जाताना तिला बाहेरून कुलूप. मोर डब्याडुब्यांतून झाला, तर आपला किल्लाही टाकाऊतूनच व्हायला पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, यांनी पैसे ओतले. कचेरीतल्या विडीवाल्यांकडून त्यांनी रिकाम्या काडेपेट्या गोळा केल्या आणि तटबंदी रचली. शिंप्याकडची रिकामी रिळं आणून बुरूज उभे केले. तटावर शिपाई पाहिजेत म्हणून काड्या उभ्या लावल्या. लाल गुलाच्या नव्या काड्या, कारण जळक्या काड्यांना पागोटं नसतं. लाल पागोट्यांची ती फौज बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी एक पेटी आणखी फोडली. दारातून शारदा विचारायची, "अहो, आत काय करायलात?" आणि हे म्हणायचे, "कचेरीचं काम."

पण हे सगळं चिकटवायचं कशावर? मोठा पुठ्ठा पाहिजे होता. शोधता शोधता त्यांना तो पलंगावरच्या गादीखाली सापडला. दोन जुन्या कॅलेंडरांचे जाड पुठ्ठे एकमेकांवर ठेवून शारदानं कडेनं सुबक टाके घातले होते. राघवेंद्ररावांनी तत्काळ ओळखलं, ही दुसऱ्या मोराची तयारी! एकानं समाधान झालं नाही बाईचं! त्या क्षणी त्यांना जी चव आली ती फराळाच्या कुठल्याच जिनसेला नव्हती. त्यांनी तो पुठ्ठा काखेत मारला, गादी नीट सारखी केली आणि मोराला जाता जाता डोळा मारला. त्याला उलट मारता येणार नव्हता, गुंडी शिवलेली होती.

किल्ला उभा राहिला. पण धबधबा होईना. चंदेरी कागद सगळा मोरानं खाल्लेला. चुना लावून बघितला, तर भिंत रंगवल्यासारखं दिसलं. तेवढ्यात फळीवरचे आईचे दोन मोठे डबे त्यांच्या नजरेला पडले. आषाढापासून शांतम्मा बसल्या जागी वाती वळत होती. का, ते राघवेंद्ररावांनी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं असेलच, आणि तेव्हा हे काय म्हणाले असतील ते वेगळं सांगायला नको. त्यांनी एक डबा उघडला. पांढऱ्याशुभ्र, लांबसडक, मऊ वाती! ह्याच्यापेक्षा जास्त पाणी नळदुर्गच्या नदीलाही नसेल. आई तर रोजच वाती वळते, एक मूठ गेली तर काय बिघडतं, म्हणून त्यांनी एक मूठ घेतली. मुठीनं नर धबधब्याच्या फक्त मिशा झाल्या. म्हणून आणखी एक मूठ. असं करत नर धबधबा कोसळू लागला तेव्हा पहिला डबा रिकामा होता. मादीला कमी वाती लावाव्यात तर बायकामाणसं नावं ठेवतील. दुसराही डबा संपला. रिकाम्या डब्यांना त्यांनी होती तशी फडकी बांधली आणि ते फळीवर ठेवून दिले.

पौर्णिमेच्या दिवशी राघवेंद्रराव कचेरीतून लवकर निघाले. तात्या आणि मंडळी मागून येणार होती. घराजवळ आले तर अंगणात बायकांची दाटी. त्यांच्या मनात आलं, किल्ल्याची बातमी फुटली वाटतं! त्यांनी टोपी सारखी केली आणि चेहऱ्यावर नम्र भाव आणला.

मग शांतम्माचा टाहो ऐकू आला.

"अय्यो रामा! माझ्या वाती!"

अंगणात तुळशीपुढं समया लावल्या होत्या, रांगोळी काढली होती. नारायणभटजी पाटावर बसले होते. तुपाचं पातेलं भरून ठेवलं होतं, आणि पातेल्याशेजारी दोन रिकामे डबे. शारदानं राघवेंद्ररावांना बाजूला घेतलं.

"आईंच्या लक्षवातींचं आज उद्यापन. चातुर्मासभर लाख वाती वळल्या त्यांनी. आज तुपात भिजवून देवापुढं उजळायच्या होत्या. डबे उघडले तर आत काही नाही! तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"मला?" राघवेंद्रराव म्हणाले.

"आषाढातच सांगितलं होतं त्यांनी तुम्हाला. तुम्ही हूं म्हणालात."

शांतम्मा कपाळाला हात लावून बसली होती. "उंदरानं नेल्या म्हणावं तर एकसुद्धा खाली सांडली नाही. फडकं बांधून गेला का मेला उंदीर?"

राघवेंद्ररावांचे पाय आपोआप सरपणाच्या खोलीकडं वळले. थोड्या वेळानं ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत नळदुर्ग होता. अनावरण कसं करायचं, आधी काय बोलायचं, हे सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच न बोलता त्यांनी तो आईपुढं ठेवला.

शांतम्मा वाकली. तिनं धबधब्याला बोट लावलं. मग दोन बोटांनी एक वात ओढून बघितली. वात आली नाही, बुरूज आला.

"खळीत काय घातलंस?"

"गव्हाचं पीठ. थोडा डिंक. मोरचूद."

"सरस तर नाही ना?" भटजी एकदम ताठ झाले. सरस म्हणजे कातड्याचा. तो लागला असता तर वाती बाटल्याच होत्या.

"नाही हो! आईची शपथ!"

भटजींनी किल्ल्याकडं इकडून बघितलं, तिकडून बघितलं. पोथी काढली, पण किल्ल्यांबद्दल पोथीत काही नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "वाती देवाच्या आहेत. चिकटल्या म्हणून काही त्या राघवेंद्ररावांच्या होत नाहीत. संकल्प लाख वातींचा आहे आणि मुहूर्त आजचा आहे. किल्ल्यासकट उजळा."

"किल्ल्यासकट?" राघवेंद्रराव किल्ल्याच्या आडवे झाले. "अहो, लोक बघायला यायलेत! तात्या यायलेत! जरा वेळ, फक्त एकदा त्यांनी बघेपर्यंत..."

"देव तात्यांची वाट बघत बसेल का?" शांतम्मा म्हणाली. तिनं डोळे पुसले, पातेलं उचललं आणि माहेरच्या किल्ल्यावर, दोन्ही धबधब्यांवरून, धार धरली.

किल्ला तुळशीच्या ओट्याला टेकवून उभा केला. शांतम्मानं समईवर पेटवलेली वात धबधब्याला लावली. तेवढ्यात फाटकातून तात्या आणि कचेरीतली मंडळी आत शिरली.

धबधबे खालून वर पेटत गेले. सोनेरी उजेडानं अंगण भरलं. ज्वाळा तटापर्यंत पोचल्या तसे लाल पागोट्यांचे शिपाई एकामागून एक फुर्रफुर्र करत पेटले, रांगेनं, इकडच्या बुरुजापासून तिकडच्या बुरुजापर्यंत. बायकांनी हात जोडले. तात्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा राघवेंद्रराव! काय कल्पना! जिवंत देखावा!"

आणि मग समोरचा पुठ्ठा जळून गळून पडला.

त्याच्या आत आणखी एक कागद होता. जाड, पिवळसर. भोवती वेलबुट्टी. चहूबाजूंच्या ज्वाळांच्या मधोमध ती काळीभोर वळणदार अक्षरं अशी लखलखली, की सगळ्या अंगणाच्या तोंडून एकदम 'अगं बाई' निघालं.

"काय ही नक्षी!" गजराबाई ओरडली. "वैनीबाई, राग न्हाय ना येनार? ही तुमच्या मोरापरीस झ्याक हाय!"

कागद उलटा होता. जुन्या राजवटीतले तात्या मान वाकडी करून वाचू लागले, "खुशखत... सनद... राघवेंद्र..."

राघवेंद्ररावांनी झेप घेतली. पण शांतम्मानं त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. "हात लावू नकोस! देवाचं आहे ते!" तेवढ्यात वेलबुट्टी काळी पडली, अक्षरं आकसली, आणि राघवेंद्ररावांचं नाव वर उडून माळवदापलीकडं गेलं.

मंडळी प्रसाद घेऊन पांगली. राघवेंद्रराव तुळशीपुढच्या राखेजवळ उकिडवे बसले होते. शारदा त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"गादीखालचा पुठ्ठा तुम्ही घेतलात?"

"मला वाटलं, तुझा दुसरा मोर..."

"सनदेच्या चौकटीला कसर लागली होती. मागचा पुठ्ठा पोखरून आता कागदाला भिडणार होती. म्हणून सनद बाहेर काढून नीट शिवून ठेवली. चौकट रॉकेलनं पुसली आणि परत कसर लागते का ते बघायला म्हणून आधी त्यात मोर घातला. मोराला खाल्लं तर खाल्लं, दुसरा करता येतो. सनद कुठून आणायची? संक्रांतीला परत लावणार होते. हे सगळं सांगितलं होतं मी त्या रविवारी तुम्हाला."

पुढं काय येणार ते राघवेंद्ररावांना ठाऊक होतं. शारदा ते बोलली नाही. ते त्यांना जास्त लागलं. त्यांनी नाक शिंकरलं आणि धुराला दोष दिला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," शांतम्मा ओसरीवरून म्हणाली. तिचं व्रत पार पडलं होतं आणि चेहरा समाधानानं उजळला होता. "माझा माहेरचा किल्ला देवाच्या कारणी लागला. लाख वाती पुष्कळांच्या बघितल्या मी, पण इतक्या छान जळलेल्या बघितल्या नाहीत."

सकाळी गजराबाई दूध घालायला आली. आज ती मोरापुढं थांबली नाही. सरळ खुर्चीपुढं आली आणि राघवेंद्ररावांना तिनं पदर सावरून नमस्कार केला. राघवेंद्ररावांची छाती भरून आली.

"सायब, तुमच्या हातात लई कळा हाय. आमच्या सासूबाईच्याबी वाती हायत्या पुढल्या साली. असंच कायतरी करून द्या. जळायला लई ग्वाड हाय बघा तुमचं."

ती गेल्यावर राघवेंद्ररावांनी पेपर उघडला. शारदा चहा घेऊन आली आणि काहीतरी बोलू लागली. राघवेंद्रराव दचकले. त्यांनी पेपर खाली ठेवला. घडी घातली. तो मांडीखाली घेऊन वर बसले.

"पुन्हा सांग. पहिल्यापासून. सावकाश."

"म्हटलं, मोर एकटा वाटतो. शेजारी लांडोर करावी म्हणते. डोळ्याला तुमच्या कोटाची तिसरी गुंडी घेऊ का?"

राघवेंद्ररावांनी सगळं नीट ऐकलं. कोटाकडं बघितलं, मोराकडं बघितलं, अंगणातल्या राखेकडं बघितलं. बराच वेळ विचार केला.

आणि मग ते म्हणाले, "हूं."